बाळभाऊची ॲक्टिंग

"बाळ्या, मेल्या, डोळा कुणाला मारतोयस?" मुक्ताबाईनं पालकाची जुडी माझ्या पाठीत हाणली.

मंडईत तिचा पालेभाजीचा गाळा आणि माझा आलं-लिंबू-मिरचीचा, अगदी चिकटून. समोरच्या बाई तोंड फिरवून चालत्या झाल्या होत्या. खरं तर डावी पापणी आपोआप खाली आली होती आणि वर जायचं नाव घेत नव्हती. पण आयता मिळालेला जोक सोडेल तो बाळ कसला!

"तुलाच मारला गं," म्हटलं. अख्खी रांग हसली.

मग आवाज बिघडला. सकाळी ठणठणीत, दुपार कलली की नाकातून यायचा. गिऱ्हाइकं विचारायची, "आज कुणाची नक्कल, बाळभाऊ?" मी वाटेल ते नाव ठोकून द्यायचो. एकदा चहा नाकातून बाहेर आला, तेव्हा तर टाळ्या पडल्या.

उल्का हसली नाही. बायको ती, माझे सगळे खेळ बघून झालेले. "उद्या डॉक्टर. गाळा बंद," एवढंच म्हणाली.

तपासण्या झाल्यावर डॉक्टर शेफालीबाईंनी समोर बसवलं. "रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे अंगातले रखवालदार. परका जंतू ओळखायचा आणि त्याच्यावर हत्यार सोडायचं, हे त्यांचं काम. तुमच्या पेशी ती हत्यारं तुमच्यावरच सोडतायत. नस स्नायूला हुकूम देते ना, नेमकं तिथंच. हुकूम पोचतच नाही."

"म्हणजे वॉचमननं सोसायटीच्या चेअरमनलाच चोर म्हणून धरलं!"

"हसा खुशाल. पण गिळता येईना किंवा दम लागला, तर त्या क्षणी इथं यायचं. श्वाससुद्धा स्नायूच घेतात."

मी गोळ्यांची चिठ्ठी घेतली आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई गुळवेलीचा काढा घेऊन हजर. "पी. प्रतिकारशक्ती वाढंल."

"अगं, तीच डोक्यावर बसलीय माझ्या. मलाच मारतीय."

"हाय का आता! शक्ती कुणाला कधी जास्त झालीय व्हय?"

आग्रह मोडवेना. रोज एक वाटी प्यायलो. पुढचं त्यानं झालं की आपलं आपण, ते डॉक्टरांनाही छातीठोक सांगता आलं नाही.

शनिवारी भर गर्दीत तराजू उचलायला गेलो तर हात वर येईना. मान पुढं पडली. श्वास अर्ध्यातच अडकला. ओरडलो, तर शेळीसारखं काहीतरी बाहेर आलं.

"आज फॉर्मात आहेत बाळभाऊ!" समोरचे काका म्हणाले. एका पोरीनं मोबाईल काढला.

"पुरं मेल्या, धंदा करू दे," मुक्ताबाई हसत होती.

हात जोडायला गेलो. जुळेनात. मग गोणपाटावरून सरकत गेलो आणि तिच्या पायांवर डोकं टेकलं. बाळ कुणाच्या पाया पडत नाही, देवाच्यासुद्धा, हे सगळ्या मंडईला ठाऊक.

तिनं हसतच पाय मागं घेतला. मग थांबली.

"बाळ्या? ...अरं, रिक्षा आणा रं कुणीतरी!"

घशात नळी, उशाला मशीन. वाचलो. आता रखवालदारांना गुंगीत ठेवायच्या गोळ्या रोज. ते गुंगीत आहेत तोवर कुणाचा साधा खोकलासुद्धा मला महागात पडायचा. आणि जागे झाले, तर मीच त्यांचा चोर.

परवा गाळ्यावर बसलो, तोंडाला मास्क लावून. दुखवट्याच्या घरावरून जावं तशी माणसं हळू बोलत पुढं सरकत होती. मुक्ताबाई मेथी निवडत होती, माझ्याकडं न बघता. काढ्याचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही.

सदाशिव पेठेतल्या एक बाई, एरवी रुपयासाठी हुज्जत घालणाऱ्या, लिंबं निवडायला लागल्या. मी मुद्दाम तिप्पट भाव सांगितला. म्हटलं, चांगली खरपूस बोलणी तरी खायला मिळतील.

बाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं, पर्स उघडली आणि मुकाट्यानं पैसे दिले.