सावलीच्या घड्याळावरचं ताट

मित्रांनो, मी एक जुनं, पितळी, तोंडावर चट्टे पडलेलं सावलीचं घड्याळ आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात अल्फारेटा गावाबाहेर एक जुनी हवेली आहे. तिच्या बागेत, मधोमध, एका दगडी खांबावर मी बसलेलो असतो. मला काटे नाहीत, किल्ली नाही. तबकडीवर आकडे आहेत आणि मध्ये एक बुटकी, तिरपी पाती आहे. उन्हात तिची सावली ज्या आकड्यावर पडेल, तितके वाजले. बस्स.

फिलाडेल्फियातल्या एका म्हाताऱ्या ओताऱ्याने मला घडवलं. तरुणपणी माझा दरारा काय सांगू! मी बारा दाखवल्याशिवाय हवेलीतल्या कोंबड्या अंडी घालत नसत. एकदा तर धुक्यात सूर्यच वाट चुकला आणि माझ्याकडे बघून जागेवर आला. खोटं वाटत असेल तर समोरच्या मॅग्नोलियाच्या झाडाला विचारा. ते तेव्हा एवढंसं होतं, पण कान टवकारलेलं होतं.

मग माणसांच्या मनगटांवर घड्याळं आली आणि माझ्या तोंडावर कॉफीचे कप. २००७ साली तर कहर झाला. इथे दरवर्षी उन्हाळ्यासाठी सगळी घड्याळं तासभर पुढे करतात. पूर्वी ते एप्रिलात करायचे, त्या वर्षापासून मार्चमध्येच करू लागले. सूर्याला कुणी कळवलं नाही, मलाही नाही. येणारा-जाणारा म्हणू लागला, "हे बिघडलंय!" बागेची व्यवस्था बघणाऱ्या मिस डोरथींनी ठरवलं, सोमवारी मला तळघरात हलवायचं. तळघरात, मित्रांनो! जिथे ऊन नाही तिथे मी काय करणार, अंधाराची वेळ सांगणार?

आणि त्याच्या आदल्या शनिवारी बागेत एक मराठी लग्न आलं.

डॅफोडिल्स फुलले होते. पाइनच्या झाडांचा पिवळा पराग एवढा उडत होता की वऱ्हाडाला हळद लावायची गरजच उरली नाही. नवरामुलगा सुशांत शिंकत होता. लग्न लावणारे त्र्यंबककाका सोमवार ते शुक्रवार कम्प्युटर कंपनीत आणि शनिवारी सोवळ्यात. त्यांनी मुहूर्त काढला होता अभिजित, म्हणजे भर माध्यान्हीचा. सगळ्यांना सांगितलं, "बारा वाजता. शार्प!"

माझा गोल खांब बघून कुणीतरी म्हणालं, "वा, चौरंगाची सोय झाली!" आणि सुपारीचा गणपती, नारळ, अक्षता असं भरलेलं स्टीलचं ताट थेट माझ्या तोंडावर आलं. सकाळभर मी आंधळा.

बारा वाजले. नवरी नाही. साडेबारा वाजले. नवरी नाही. नऊवारी नेसवणाऱ्या मावशी हायवेवर चुकीची एक्झिट घेऊन टेनेसीच्या वाटेला लागल्या होत्या. पाऊण वाजता नीलांबरी धावत आली, शालू वर धरून, पायात पांढरे स्नीकर्स.

"टळला मुहूर्त!" सुशांतची रत्नाआत्या कडाडली. "मी म्हटलंच होतं, असल्या उघड्या बागेत लग्न नको. आता आज काही होणार नाही. दोन वाजता बाग रिकामी करायचीय."

"आत्या, प्लीज," सुशांत म्हणाला. "माझे आईबाबा परवा इंडियाला परत जातायत."

"मग पुढच्या वर्षी बघू! मुहूर्त चुकवून आमच्या घराण्यात एकही लग्न लागलेलं नाही."

नीलांबरीचे डोळे भरून आले. रागारागाने आत्याने माझ्यावरचं ताट उचललं. "चला, गुंडाळा सगळं!"

ऊन माझ्या तोंडावर पडलं. जितकं म्हणून नेमकं दाखवता येतं, तितकं मी दाखवलं.

"थांबा," नीलांबरी म्हणाली. "यात तर आत्ता अकरा वाजलेत."

"इग्नोर इट, डिअर," डोरथीबाई इंग्रजीत म्हणाल्या, "ते बिघडलंय."

पण त्र्यंबककाका माझ्यावर वाकले. मग त्यांनी स्वतःच्या सावलीकडे पाहिलं. ती अजून गवतावर पश्चिमेकडे कललेली होती. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! माध्यान्ह म्हणजे सूर्य माथ्यावर! मी आपला घड्याळाचे बारा धरून बसलो. घड्याळं तासभर पुढे केलीयत, आणि हे गाव इथल्या वेळेच्या पट्ट्यात एवढं पश्चिमेला की सूर्य इथे मुळातच उशिरा माथ्यावर येतो. मुहूर्त यायचाय अजून!"

सुशांत शिंकत शिंकत म्हणाला, "यार काका, तीन महिने मी ऑफिसात सगळे सर्व्हर या नव्या टायमिंगसाठी फिक्स करतोय. फक्त तुम्ही राहिलात!"

"या पितळी थाळीवर विश्वास ठेवायचा?" आत्या गुरगुरली.

"थाळीवर नको, आत्या. सूर्यावर ठेवा," नीलांबरी म्हणाली.

मग सगळं वऱ्हाड माझ्याभोवती गोळा झालं. अंतरपाट धरला. सावली बाराकडे सरकत होती, आणि तेवढ्यात एक ढग आला. माझं तोंड कोरं! त्र्यंबककाकांनी मंगलाष्टकं रबरासारखी ताणली. डोरथीबाई मनगट बघत होत्या. मी सूर्याला म्हणालो, "बाबा रे, त्या धुक्यातल्या उपकाराची आठवण ठेव!" ढग हलला. सावली बरोब्बर बारावर. "शुभमंगल सावधान!" अक्षतांचा पाऊस पडला. त्यातल्या अर्ध्या माझ्यावर. दोनला थोडा वेळ बाकी होता. वऱ्हाड पार्किंगमध्ये उभ्याउभ्या जिलबी जेवलं.

सोमवारी मजूर आले. डोरथीबाईंनी त्यांना जिलबीचा डबा दिला आणि परत पाठवलं. म्हणाल्या, "ते बिघडलेलं नाही. आपण बिघडलोय."

पुढच्या वसंतात सगळे पुन्हा बाग बघायला आले. रत्नाआत्याने सवयीने पर्स माझ्यावर ठेवली.

"उचला, आत्या," नीलांबरी म्हणाली. "खाली मुहूर्त आहे."

आत्याने पर्स उचलली. शिवाय पदराने माझ्या तोंडावरचा परागही पुसला, कुणी बघत नाहीये हे बघून. मी बघितलं.

तर मित्रांनो, आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना बिघडलेलं म्हणण्याआधी आमच्यावर काय ठेवलंय ते एकदा उचलून बघा. आणि तो कॉफीचा कप तुमचाच ना? घ्या बरं.