जिवंत माणसाला आवतण

कल्पिताने ठाण्याच्या कंपनीतली बावीस वर्षांची नोकरी सोडली, तेव्हा ऑफिसात तिला केक, कुंडीतलं रोपटं आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. नवरा कमलेश जेवता जेवता "बरं" एवढंच म्हणाला आणि पुढचे आठ दिवस घर त्या एका "बरं"वरच चाललं.

माहेरी मात्र गप्प बसायची पद्धतच नव्हती. आंबिवलीच्या पलीकडच्या त्या गावात तिचा भाऊ दौलत दारातच उभा राहून ओरडला, "कल्पे, तुझ्या प्रमोशनचा बॅनर लावलेला मी नाक्यावर! दहा बाय पंधराचा! आता काय लावू? आमच्या भगिनी धवलारीण झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन?"

"लाव ना. फोटो तोच चालेल."

धवलारीण म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई. देवांना आणि घरातल्या पितरांना गाण्यातून आवतण द्यायचं, आणि नवरानवरीला लागणारी हळद गाऊन पावन करायची, हे तिचं काम. मंगलाष्टकांना हल्ली भटजी येतो, पण जुन्या घरांत धवलारणीने गायल्याशिवाय हळदीच्या वाटीत कोणी बोट बुडवत नाही. कल्पिताची आई ठमाबाई अकरा गावांची धवलारीण. गुडघे गेले तरी आवाज नव्हता गेला. आणि एसी हॉलमध्ये चार हजार माणसांना "प्रभावी संवाद" शिकवून झालेल्या तिच्या लेकीला आता हेच शिकायचं होतं.

"मना लिहायवाचायला येत नव्हतं म्हणून मी गायले," ठमाबाई म्हणाली. "तुला शाळेत घातलं ते कशाला गो? तांदूळ पाखडायला?"

तरी तिने शिकवलं. ओटीवर तांदूळ निवडत, खडा काढून फेकावा तशी एकेक ओळ लेकीच्या अंगावर फेकायची. चुकलं की शिवी, बरोबर आलं की जास्त मोठी शिवी. कल्पिता वहीत लिहून घ्यायची, फोनवर रेकॉर्ड करायची. सहा महिने असेच गेले.

मग रंभाकाकूच्या नातीची, ऐश्वर्याची हळद निघाली. रंभाच्या तोंडाला गावातले कुत्रेसुद्धा भ्यायचे. ठमाबाई म्हणाली, "तूच जा. माझे गुडघे दुखतात." कल्पिताला तिथेच संशय यायला हवा होता, कारण आईने आयुष्यात कुठलीही गोष्ट कुरकुर केल्याशिवाय कुणाच्या हाती दिली नव्हती. वर तिने रंभाच्या घरातल्या पितरांची पाच नावंही सांगितली. कल्पिताने ती वहीत नीट, नंबर घालून लिहिली.

ही पहिली हळद निभावली तर पुढच्या मिळणार होत्या. बिघडली तर अकरा गावांत तिला कोणी बसायला पाट देणार नव्हतं. शिवाय कंपनीतल्या साहेबांनी फोन करून सांगितलेलं, "तुमची खुर्ची सोमवारपर्यंत रिकामी ठेवतोय." हे आईलाही माहीत होतं.

दुपारी चारला कल्पिता मांडवात पोचली तशी बायकांत कुजबुज नव्हे, उघड बोलणं सुरू झालं.

"आली बघा म्याडम."

"पडदा आणलाय काय गो? देव पडद्यावर दाखवणार ती!"

"आन आपल्याला शेवटी फॉर्म भरायला देणार. हळद कशी वाटली, चांगली, बरी, वाईट."

अंगणात दौलत डीजेवाल्याच्या टेम्पोला टेकून उभा होता. त्याने हात जोडून बहिणीला लांबूनच नमस्कार केला. त्याच्या नमस्कारापेक्षा शिवी बरी.

कल्पिता पाटावर बसली. पहिली ओळ तिने गणपतीला दिली, दुसरी गावदेवीला. पहिल्या दोन ओळींना बायका तोंड वाकडं करून बसल्या होत्या. तिसरी दोघींनी उचलली. मग उखळाजवळच्या सगळ्यांनी, मग मांडवभर बसलेल्या चाळीस जणींनी. कल्पिताचा आवाज पुढे जायचा आणि मागून तो चाळीस पटींनी परत यायचा. अशी बारा मिनिटं गेली. मग पितरांची पाळी आली. पहिलं नाव, दुसरं, तिसरं, चौथं. पाचवं तिने मोठ्या भक्तिभावाने घेतलं: सीताराम.

मागून ओळ आलीच नाही.

"थांब गो!" रंभा उठली. हळद कांडून हात कोपरापर्यंत पिवळे. "माझा म्हातारा मेला काय? मग त्या खुर्चीत बसून पेढा चावतोय तो कोण, भूत?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे सीताराम, ज्यांना कल्पिता लहानपणापासून नुसतं काका म्हणत आली होती, चावायचे थांबले. "काय झाला?"

त्यांना ऐकू येत नव्हतं. कुणीतरी कानाशी ओरडलं, "तुम्हाला वरतून बोलावलंय! पितरांत!"

"येतो ना," सीताराम म्हणाले. "गाडी कोण काढतंय?"

ज्यांना हसू फुटलं त्यांनी पदर तोंडात कोंबला. बाकीच्या कल्पितावर तुटून पडल्या. भरल्या घरात अपशकुन केला, कंपनीतून हाकलली असणार, उगाच नाय सोडली नोकरी. दौलत अंगणातून म्हणाला, "बोललेलो मी," आणि ते तो तीनदा बोलला.

"ऊठ पाटावरून," रंभा म्हणाली. "आयशीला पाठव. आन तू जा तुझ्या एसीत."

ठमाबाईचं घर पाच घरं सोडून. ती ओटीवरच बसली होती, जणू वाटच बघत.

"आये, सीतारामकाका जिवंत आहेत."

"माहीत हाय. सकाळीच दुधाच्या पिशव्या घेऊन जाताना दिसला."

कल्पिता खांबाला धरून उभी राहिली. "मुद्दाम दिलंस नाव?"

"त्याला ऐकू येत नाय म्हणून त्याचा दिला. दुसऱ्या कुणाचा दिला असता तर त्याला वाईट वाटलं असतं. आन जित्या माणसाला मेल्यांत धरलं की आयुष्य वाढतं, बिघडत काय नाय." ठमाबाईने सुपातला खडा फेकला. "चाळीस वर्षं गायले मी. तांदूळ मिळाले, चोळीचा खण मिळाला. खुर्ची कोणी दिली नाय. तुला मिळालेली, गोल फिरणारी. सोमवारी जा आन बस तिच्यावर."

"त्या खुर्चीवरून उठून मी बोलायला लागले की लोक मान खाली घालून फोन बघायचे. बावीस वर्षं तेच, आये. आज चाळीस बायकांनी माझी ओळ उचलली. तुझ्यामुळे बाराच मिनिटं उचलली."

"झाली ना मग हौस?"

"नाही. आता कुठे भूक लागलीय." ती पायऱ्या उतरली. "खरं पाचवं नाव सांग."

"माझ्या तोंडून खरं नाव येईल असा भरवसा हाय तुला?"

नव्हता. म्हणून कल्पिता तशीच माघारी गेली.

रंभा उंबऱ्यातच आडवी उभी. "आयस कुठाय?"

"ती येत नाही. मीच गाणार. तुमच्या घरातलं कोण गेलं, ते तुम्हीच सांगा."

"आन ही वही?"

कल्पिताने वही बाजूच्या चुलीत घातली. रंभाने ती पूर्ण पेटेपर्यंत पाहिली, बहुधा समाधानाने. मग उंबऱ्यात बसून तिने आपले मेलेले मोजायला घेतले, प्रत्येकाला एकेक लाखोली वाहत.

"सासू हिरू. माझ्या पाटल्या घेऊन मेली. बोलाव तिला. सासरा पदू, ताडीत गेला, बोलाव. थोरला दीर गणू, बांधासाठी भांडला जन्मभर. बोलाव मेल्याला, जेवायला तरी येऊ दे. जाऊ चांगुणा, ती बरी होती." रंभा हाताची हळद नखाने खरवडू लागली. "आन माझी मधली पोर. सात दिवसांची गेली. बारसा व्हायच्या आधी."

"नाव?"

"बारसा झाला नाय म्हटलं ना! नाव कुठून आणू? म्हणून तिला कोणी बोलावत नाय. तुझ्या आयशीनं पण कधी विचारला नाय, तिची यादी पाठ असायची." रंभाने डोळे वटारले. "तू म्याडम ना? तूच बघ काय ते."

कल्पिता पाटावर बसली. पहिल्यापासून सुरुवात केली, गणपतीपासून. बायका ओळ उचलत नव्हत्या, एकीने तर जांभई दिली. हिरू झाली, पदू, गणू, चांगुणा झाली. दम घेतला आणि मग तिने शेवटचं आवतण दिलं: रंभाची लेक.

ही ओळही मांडवात कोणी उचलली नाही. मग उंबऱ्यातून एक घोगरा, बेसूर आवाज आला. रंभाचाच. तिच्यामागून ऐश्वर्याची आई, मग सगळ्या.

हळद लागली. दौलत डीजे लावायला गेला, त्याला दोघींनी हाताला धरून बसवलं.

"तिसऱ्या ओळीला दम तुटतो तुझा," जाताना रंभा म्हणाली. "आयशीची सर नाय. चांगुणाच्या नावाला तर मांजर रडल्यासारखी वाटलीस. उद्या लग्नाचे धवले गायला सहाला ये. पाच मिनिटं उशीर झाला तर दुसरी बघीन."

"येते."

"आन ते हसू आवर आधी. आमच्या मेलेल्यांची नावं घेतलीस, त्यात हसायला काय झालं गो तुला?"