नऊ किलो शंभर ग्रॅम

फ्रॉक समर्थच्या डोक्यातून गेला, पण दंडावर अडकला. मी ओढला. तो खदखदून हसला. त्याला वाटलं, आई खेळतेय.

"तृप्ती, जल्दी कर. अजून दोन अंगणवाड्या करायच्यात मला," नंदा मॅडम म्हणाल्या. त्या आमच्या सुपरवायझर. अंगणवाडीतल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसून मोबाईलवर बोट फिरवत होत्या.

"मॅडम, बसत न्हाई हा फ्रॉक ह्याला."

"का नाही बसत? फरहीन पण नऊ महिन्यांचीच ना?"

फरहीन नऊ महिन्यांचीच होती. माझा मुलगा समर्थही नऊ महिन्यांचा. दोघांत पंधरा दिवसांचं अंतर. एकाच गल्लीत, एकाच नळाच्या पाण्यावर वाढलेली लेकरं. मी अजून ओढला तेव्हा काखेत टर्र झालं.

"उसवला," चुलीपाशी खिचडी हलवता हलवता सगुणाबाई बोलल्या. मी अंगणवाडी सेविका, त्या मदतनीस.

"उसवू दे. फोटोत काख दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. "टोपी घाल. तोंड भिंतीकडे कर. आणि काट्याची सुई स्पष्ट आली पाहिजे."

आढ्याच्या हुकाला आमचा वजनकाटा टांगलेला असतो. खाली कापडी झोळी. मी माझ्या पोराला दुसऱ्याच्या पोरीचा फ्रॉक घालून त्या झोळीत बसवलं. पाठीची बटणं लागलीच नाहीत. सुई नऊ किलो शंभर ग्रॅमवर थांबली. मी फोटो काढला, सरकारी ॲपमध्ये फरहीनच्या नावापुढे टाकला, आणि मोबाईलमधली फरहीन लालची हिरवी झाली.

लाल म्हणजे वजन फार कमी असलेलं बाळ. हिरवं म्हणजे बरं. त्याआधीच्या महिन्यात मीच तिचं खरं वजन घेतलं होतं, पाच किलो सहाशे. खरं लिहिलं म्हणून मॅडमनी मला तासभर झापलं. सरपंच अण्णासाहेबांना गावाच्या वेशीवर 'कुपोषणमुक्त गाव' असा बोर्ड लावायचा होता. सगळ्या गावात एकच लाल ठिपका, तो फरहीनचा. मॅडमचीच युक्ती, "तुझा आहे ना गुटगुटीत? त्याला बसव." मी नाही म्हणाले असते, तर काय झालं असतं? नोटीस आली असती. नोटिशीनं कोणी मरत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

एका महिन्यात साडेतीन किलो वाढलेली पोरगी वर कोणालाच खटकली नाही. अण्णासाहेबांनी फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, एकामागून एक अंगठे आले.

मला किळस माहीत आहे. नऊ महिने मी शी-मुतात हात घालून राहिलेय. समर्थ माझ्या पदरात ओकतो, भात चघळून माझ्याच तोंडात कोंबतो, त्याची लाळ अंगणवाडीच्या रजिस्टरवर सांडून शाई पसरते. परवा त्यानं शी केली आणि मी येईपर्यंत ती दोन्ही हातांनी भिंतीला फासली. मी हसले, पुसून काढली आणि त्याच हातांनी, धुऊन, भाकरी थापली. पोराच्या घाणीची मला कधी किळस आली नाही. त्या फोटोतल्या त्याच्या गोऱ्या, गुबगुबीत पाठीची आली. माझ्याच पोराच्या पाठीची.

फ्रॉक परत द्यायला मी फरहीनच्या घरी गेले. वजन आधीच झालंय, सरकारला फक्त कपड्याचा फोटो हवा, असं सांगून मी तो नेला होता. तिची आजी सरदारबी दारात बसली होती. बाजूला बाजेवर फरहीन. ती रडत नव्हती. तिचं ते न रडणंच मला बघवत नसे. मांडीची कातडी सैल, मोठ्या माणसाचा पायजमा घातल्यासारखी. डोळे मात्र मोठे, सगळं बघणारे.

"निकल्या फोटो?" सरदारबीनं विचारलं.

"हौ चाची."

मी तिचं वजनाचं कार्ड काढून हिरव्या पट्ट्यात टिंब दिलं. तिनं कार्ड उलटंसुलटं बघितलं.

"हरा है ना? अच्छा है. अतिक का फोन आया था अंकुशनगर से. बोलता, पोट्टी को जालने को बडे दवाखाने में दिखाव. अब काय को जाना? सरकार का कागजच हरा बोल रहा."

अतिक म्हणजे तिचा मुलगा, फरहीनचा बाप. साखर कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवतो. पोरीला त्यानं हंगामात दोनदा बघितलं असेल. तरी त्याला कळलं होतं, आणि मी रोज बघत होते.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "बारीक लेकरं असतातच चाची. तुमच्या खानदानातच बारीक अंग आहे." आणि निघाले. घरी येऊन समर्थला वरण-भात तूप घालून चारला. तो एकेक घास गिळत होता आणि मी पुढचा भरवत होते.

समर्थ वाढत होता. त्याला खालचे दोन दात आले, मग वरचे. तो माझं स्तनाग्र चावून वर तोंड करून बघायचा, आई ओरडते का. कशालाही धरून उभा राहायला लागला, रजिस्टरच्या कपाटाला, सगुणाबाईंच्या लुगड्याला, खिचडीच्या गरम पातेल्याला. आणि त्याला तो काटा आवडायला लागला. झोळी दिसली की हात वर. त्याला तो झोकाच वाटायचा. सगुणाबाई म्हणायच्या, "सरकारनं तुझ्या पोरासाठीच टांगला तो."

मी त्यांच्यावर खेकसायचे. पण मॅडमनी गेल्या दोन महिन्यांत अजून तीन पिवळ्या, म्हणजे थोड्या कमी वजनाच्या लेकरांच्या फोटोंना समर्थच बसवायला लावला होता. सगुणाबाई खोटं बोलत नव्हत्या.

मग एका सोमवारी मॅडमचा फोन आला.

"तृप्ती, वर फार आवडलंय. एका महिन्यात लाल ते हिरवं. यशोगाथा करायचीय आपल्या गावाची. शुक्रवारी जिल्ह्याचे साहेब येणार, कॅमेरा येणार. अण्णासाहेब त्याच दिवशी बोर्ड लावणार. फरहीनच्या आईचा सत्कार आहे, तिला बोलव."

"मॅडम, एका महिन्यात कुठलीच पोरगी साडेतीन किलो वाढत नसती."

"ते तुला म्हायती, मला म्हायती. त्यांना कुठं म्हायती?"

"आन् पोरगी दाखवा म्हणले तर?"

"तुझा आहे की. फ्रॉक घालून आईच्या मांडीवर द्यायचा. दहा मिनिटांचं काम."

फोन ठेवून मी मोरीत जाऊन ओकले. सासूला वाटलं, पुन्हा दिवस गेले. तिनं कैरी आणून दिली.

दुसऱ्या दिवशी मी फरहीनच्या आईला, रुखसारला गाठायला शेतावर गेले. ती मिरचीच्या बियाण्याच्या शेडनेटमध्ये कामाला जाते. एका फुलाची भुकटी दुसऱ्या फुलाला बोटानं लावायची. ऊन चढायच्या आत फुलं उरकावी लागतात, म्हणून ती सहाला घर सोडते. हिरव्या जाळीखाली वाकलेल्या तीस-चाळीस बायांत ती उभी होती. तिच्या कुर्त्यावर छातीशी दोन ओले गोल डाग होते.

तिनं माझी नजर बघितली. ओढणी पुढे घेतली नाही.

"दहा वाजले का असं होतं ताई. दूध उतरतं. हितं मिरच्यांला पाजून राह्यले मी, आन् पोट्टी घरी काळी चाय पिते."

"शुक्रवारी अंगणवाडीत यायचंय. सत्कार आहे तुझा."

"कशाचा?"

तिनं बोटं कुर्त्याला पुसली, पिवळी रेघ उमटली.

"फोटो बघितला मी ताई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "माझ्या जावेच्या मोबाईलमध्ये. फ्रॉक माझ्या पोट्टीचा होता. मीच शिवलेला, माझ्या निकाहच्या दुपट्ट्याचा. पाठ माझ्या पोट्टीची नव्हती. माझ्या पोट्टीच्या पाठीवर मणके मोजता येतात."

"रुखसार..."

"मला वाटलं, सरकारी कामात असं करावं लागत आसंल. राशनसाठी. तुम्ही शिकलेल्या. तुम्ही हरं म्हणता तर हरं आसंल." ती फुलाकडे वळली. "सासूनं जालन्याला जाऊ दिलं न्हाई. म्हणली, कागज देख."

मुकादम बाई ओरडली तेव्हा तिनं पुन्हा हात चालवायला सुरुवात केली. मी त्या जाळीखालून बाहेर आले. माझं आणि तिचं दूध सारखंच होतं. माझी नोकरी अशी की पोर पायाशी लोळतं, रडलं की पाजता येतं. एवढाच फरक. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, तृप्तीचा हात चांगला, पोर कसं वाढवलंय. आणि मी ते ऐकून घ्यायचे.

शुक्रवारी अंगणवाडीला पताका. अण्णासाहेब इस्त्रीचे कपडे घालून, नारळ, साडी, शाल असं सगळं ताटात घेऊन हजर. साहेब तरुण होते, सारखे घड्याळ बघत होते. कॅमेरावाला भिंतीवरच्या चित्रांचे फोटो घेत होता, पोपट, गाजर, पालक.

रुखसार आली. ओढणीत गुंडाळून फरहीनला घेऊन आली. अंगात तोच फ्रॉक. काखेतली शिवण काळ्या दोऱ्यानं पुन्हा घातलेली, टाके लांब लांब. कामावरून आल्यावर अंधुक उजेडात शिवली असेल. फ्रॉक पोरीच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता.

नंदा मॅडमनी तिला स्वयंपाकाच्या खोलीत ओढलं. मी समर्थला कडेवर घेऊन तिथेच उभी.

"हिला कशाला आणलं? बरं, आता फ्रॉक काढ तिचा. तृप्ती, ह्याला घाल. आणि पोरगी सगुणाबाईकडं दे, मागच्या दारानं जाऊ दे."

रुखसारनं पोरीचा हात बाहीतून काढायला घेतला. अर्धवट काढून थांबली.

"मंग हिला काय घालू?"

चुलीवर खिचडी रटरटत होती. खरंच, त्याचा विचार कोणीच केला नव्हता, मी पण नाही. उघड्या खांद्याचं टोक कातडीतून वर आलं होतं, चिमणीच्या पिल्लासारखं. फरहीन माझ्याकडे बघत होती.

मी समर्थला खाली जमिनीवर ठेवलं. फरहीनचा हात बाहीत परत घातला, तिला उचललं. उचलताना माझे हात फसले. समर्थच्या सवयीनं जोर लावला आणि ती एकदम वर आली, रिकामी घागर भरलेली समजून उचलावी तशी.

बाहेर सगळ्यांच्या समोर मी तिला झोळीत बसवलं.

सुई हलली आणि थांबली. पाच किलो चारशे.

"हे कोणतं बाळ?" साहेबांनी विचारलं.

"फरहीन. यशोगाथावाली. हीच ती."

अण्णासाहेब पुढे झाले. "अहो, काटा बिघडलाय. जुना काटा आहे, सर."

"हौ, काटाच," नंदा मॅडम म्हणाल्या. माझ्याकडे बघून नाही, भिंतीवरच्या पोपटाकडे बघून.

मी फरहीनला काढून रुखसारकडे दिलं. सगुणाबाई न सांगता आतून डाळीची पाच किलोची सीलबंद थैली घेऊन आल्या. मी थैली झोळीत ठेवली. सुई बरोबर पाचावर आली.

"काटा बराबर आहे," मी म्हणाले. "मागच्या फोटोत हा होता." आणि दरवाज्याकडे बोट केलं. समर्थ तिथवर रांगत आला होता, चौकटीला धरून उभा होता, तोंडाभोवती राख. "माझा पोरगा. हिचा फ्रॉक घालून बसवला होता. मीच बसवला. अजून तिघांच्या फोटोत पण हाच आहे."

साहेबांनी झोळीतली थैली बोटानं हलवली, सुई परत पाचावर आली. मग कॅमेरावाल्याला म्हणाले, "बंद कर ते." मला वाटलं होतं ते रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांनी रुमालानं ओठ पुसले. "ॲम्ब्युलन्सला फोन करा. आणि हे आजच्या रिपोर्टमध्ये नको, नंतर बघू." बाहेर स्वतःच्या गाडीकडे जाताना त्यांनी पायरीवरच्या मुताच्या ओघळावरून पाय उचलून टाकला.

"पाहुण्यांसमोर असलं काढायचं का बाई?" अण्णासाहेब नारळाचं ताट उचलत म्हणाले. "गावाची इज्जत घालवली."

"नोटीस येईल तुला," नंदा मॅडम म्हणाल्या.

"येऊ द्या."

ॲम्ब्युलन्स दीड तासानं आली. तोवर रुखसार भिंतीला टेकून बसली आणि फरहीनला पाजत राहिली. पोरगी दोन घोट ओढायची, थकायची, थांबायची, पुन्हा ओढायची. दहा वाजून गेले होते. त्या दिवशी ते दूध मिरच्यांना गेलं नाही. सरदारबी कार्ड घेऊन धावत आली. मी त्या हिरव्या टिंबावर काट मारली आणि खाली लाल पट्ट्यात दुसरं दिलं. ते जरा तिरकं पडलं.

गाडीत चढताना रुखसारनं फक्त फ्रॉकची काख बघितली, टाके निघाले का ते.

सगळे गेल्यावर मी काटा खाली घ्यायला स्टुलावर चढले. झोळीत तळहाताएवढा ओला डाग होता. फरहीननं बसल्या बसल्या केलं होतं. पताका सुटून एका बाजूनं लोंबत होत्या. खाली समर्थ माझ्या पायाला धरून उभा होता, दोन्ही हात वर करून, झोक्यासाठी रडत होता. रडून रडून काळानिळा झाला.

मी झोळी पुसली नाही. त्याला तिच्यात बसवलं नाही.