पथ्य कुणाचं, उपास कुणाला

मित्रांनो, माझ्या जिभेला दात आहेत आणि पाठीवर बसायला जागा आहे. ओळखलंत? मी केरळातल्या वडकरा गावच्या एका घरातली जुनी खवणी आहे. फणसाच्या लाकडाचं माझं अंग सुताराने घडवलं, जीभ लोहाराने ठोकली. नारायणी अम्मा नवी नवरी होती तेव्हापासून ती माझ्यावर बसून नारळ खवत आली. आवाज ऐकला की शेजारची कदीजा कुंपणापलीकडून विचारायची, "आज कसलं कालवण गं?" नारळ पडला नाही तर आमच्याकडे स्वयंपाक झाला असं कोणी म्हणत नसे. मीही तोऱ्यात असायचे.

मग थोरल्या राजीवनच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी त्याचा नारळ बंद केला. घरी येऊन तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "अम्मा, हे विष आहे विष." मला कोपऱ्यात उभं केलं. जिभेवर गंज चढला. अम्माच्या सासूने नव्वदीपर्यंत मी खवलेला नारळच खाल्ला होता, मग मी विष कधी झाले, ते मला कळेना.

पुढे लेक शैलजा माहेरी आली. तिला साखरेचा आजार. तिने भात सोडला होता. "घात केला तो भाताने. नारळ तर अमृत," असं म्हणून तिने मला चिंचेने घासून लख्ख केलं. धाकट्या प्रमोदने मासळी, अंडी, दूध सगळंच सोडलं होतं. त्याच्या मते खरं विष ते. आता मी तोरा मिरवावा की तोंड लपवावं?

अशात कर्किडकम महिना आला. आमच्याकडे हा पथ्याचा महिना. अम्मा तापाने पडली. तिघं मुलं धावत आली. ताप उतरला, पण पथ्य काही उतरेना. अम्माच्या पानातून राजीवन नारळ काढी, शैलजा भात काढी, प्रमोद मासळी आणि ताक काढी.

"चेची, भाताशिवाय म्हातारं माणूस जगेल का?" प्रमोद बहिणीला म्हणे.

"तू दुधाशिवाय जगतोसच की."

"तुमचं सगळं ज्ञान मोबाइलवरचं," राजीवन म्हणे. "मला डॉक्टरांनी सांगितलंय."

"मलाही डॉक्टरांनीच सांगितलंय, एट्टा," असं शैलजा थोरल्या भावाला सुनावी.

आणि गंमत म्हणजे तिघांचंही खरं होतं. राजीवनची कळ थांबली होती, शैलजाची साखर उतरली होती, प्रमोदचं पोट शांत झालं होतं. मग खोटं कोण? मला डोकं नाही, तरी ते गरगरलं. अम्मा मात्र पानात उरलेला उकडलेला दुधी खाऊन उठे. लेकरं मायेने करतात, त्यांना काय बोलायचं?

एका सकाळी ती भिंत धरत आली आणि माझ्यावर बसली. मित्रांनो, माझ्या पाठीला तिचं वजन पाठ आहे. त्या दिवशी नुसतं तिचं नेसूचं मुंडूच येऊन बसल्यासारखं वाटलं. हातात नारळ घेता घेता ती बाजूला कलंडली. मला फार भीती वाटली.

संध्याकाळी तिला इस्पितळातून परत आणलं. शैलजा दाराशी बसून रडत होती. डॉक्टर म्हणाले होते, आजार कसलाच नाही, पोटात अन्न नाही.

"आम्ही पथ्य सांभाळत होतो गं, अम्मा," राजीवन पुटपुटला.

"पथ्य औषधाबरोबर असतं, मोने," अम्मा लेकाला म्हणाली. "तुझं काळजाचं, हिचं साखरेचं, त्याचं पोटाचं. मला कुठलं औषध चालू होतं? आजार आपापल्याकडे ठेवलेत आणि पथ्यं तेवढी माझ्या पानात वाढलीत."

प्रमोदला हसू फुटलं आणि मग डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी राजीवन स्वतः माझ्यावर बसला. भार चांगलाच होता. त्याने अर्धा नारळ खवला, अम्माच्या भातावर मासळीचं कालवण वाढलं आणि स्वतः नारळाशिवायची डाळ घेतली. शैलजा भाताला बोलली नाही, प्रमोद मासळीला.

मी विष की अमृत, ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर सांगा. पण माझी एवढी विनंती ऐका. काम झालं की माझी जीभ पुसून कोरडी ठेवा. आणि कुणाच्या पानातला घास उचलण्याआधी त्याला भूक आहे का, ते विचारा. अम्माला ते कोणीच विचारलं नव्हतं.