इंजनबाबा आणि दुसरी बुडी

रविवारी सकाळी सात वाजता आमच्या सोसायटीसमोरच्या मोकळ्या प्लॉटवर बावीस गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि सगळ्यांची बॉनेटं उघडी होती. दातांच्या डॉक्टरसमोर आ करून बसावं तशी. त्या ओळीतून भगवी कफनी आणि पांढरे स्पोर्ट्स शूज घातलेला एक माणूस हळूहळू चालत होता, आणि बँकेतले, कंपन्यांतले, सरकारी खात्यांतले शिकलेसवरलेले लोक त्याच्यामागे हात जोडून चालत होते.

हे इंजनबाबा. गाडीचं काळं पडलेलं तेल मंत्राने सोनेरी करून देणारे. तेल बदलायची गरज नाही, आयुष्यभर नाही.

१९९८ चा जून होता. गुडगावात तेव्हा इमारती उगवल्या होत्या, माणसं यायची बाकी होती. आमच्या सोसायटीत शहाऐंशी फ्लॅट, आणि संध्याकाळी दिवे लागायचे जेमतेम वीस घरांत. त्याआधी दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना जिन्यात उभं राहिलं की तीन घरांतल्या फोडण्यांचे वास यायचे. इथे जिन्यात फक्त ताज्या रंगाचा वास. आई चार्टर्ड बसने कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसात जायची, पप्पा त्यांच्या नव्या कंपनीत. शाळेला सुट्टी लागल्यावर मी दिवसभर कुलरशी बोलायचे. तो निदान उत्तर दिल्यासारखा घरघरायचा.

म्हणून खरं सांगते, सुरुवातीला मला इंजनबाबा आवडले होते. त्यांच्यामुळे रविवारी गर्दी व्हायची. कोणी थर्मासमधून चहा आणायचं, कोणी पराठे. बी ब्लॉकच्या विजयालक्ष्मी आंटी मला पहिल्यांदा तिथेच भेटल्या, आणि आम्ही वर्षभर एकाच लिफ्टमधून ये-जा करत होतो.

त्या रविवारी दीनानाथकाकांचा नंबर होता. काका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे, एकटे. आर. के. पुरमलाही आमचे शेजारीच होते. त्यांची पांढरी मारुती खरं तर सुमित्राकाकूंची. काकूंनी ती शिकून घेतली, चालवली, आणि तिचं तेलपाणीही स्वतः बघितलं. मागच्या उन्हाळ्यात मला शेजारी उभं करून त्यांनी सगळं शिकवलं होतं. ऑगस्टमध्ये काकू गेल्या. ताप आला आणि आठ दिवसांत गेल्या.

"किसने डाला था ये तेल?" बाबांनी बॉनेटमध्ये डोकावून विचारलं.

"मिसेसने," काका म्हणाले. "जाने से पहले."

बाबांनी डोळे मिटले. "हाथ है उनका इसमें. अभी भी घूम रहा है. जिसने ये तेल निकाला, समझो उसने वो हाथ झटक दिया."

काकांनी मान खाली घातली.

मग चमत्कार. बाबांनी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची ती लांब पट्टी, बाहेर काढली. टोकाशी डांबरासारखं काळं तेल.

"देखो भक्तो, कितना काला. इनकम टैक्सवालों के दिल जितना."

लोक हसले. इन्कम टॅक्समधले एक अंकलही हसले.

"ओम घर्षणाय नमः, ओम पिस्टनाय नमः," असं पुटपुटत बाबांनी खांद्यावरचा भगवा गमछा पट्टीवरून वरपासून खालपर्यंत फिरवला आणि पट्टी उन्हात धरली. मधासारखं सोनेरी तेल चमकत होतं, वरच्या खुणेच्याही वर. गर्दीतून 'आहा' असा आवाज आला. बाबांनी पट्टी आत खोचून बॉनेट बंद केलं आणि काकांच्या हातावर 'अक्षय भस्मा'ची पुडी ठेवली. "सफर से पहले इंजन में डाल देना. कश्मीर से कन्याकुमारी, गारंटी."

सफर होतीच. चेतनाताई, काकांची मुलगी, नाशिकला असते. तिला मुलगी झाली होती. बारशाला काका गाडीने निघणार होते, एकटे, भर जूनमध्ये, साडेबाराशे किलोमीटर. तिकीट मिळत नाही म्हणायचे, पण मला माहीत होतं, तिच्या आईची गाडी त्यांना चेतनाताईला द्यायची होती. पुढच्या सोमवारी निघायचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला रेडिएटरचं पाणी बघायला सांगितलं. बॉनेट उघडलंच होतं, म्हणून सवयीने मी डिपस्टिकही बघितली. काकूंनी शिकवल्याप्रमाणे: ओढायची, फडक्याने पुसायची, परत पूर्ण बुडवायची, आणि मग वाचायची. "पहिल्यांदा निघते तेव्हा तेल कुठेही लागलेलं असतं," काकू म्हणायच्या. "खरं काय ते दुसऱ्या बुडीत कळतं."

दुसऱ्या बुडीत पट्टी काळीकुट्ट निघाली. आणि तेल खालच्या खुणेच्याही खाली. काल काठोकाठ सोनं, आज तळाला डांबर.

मी पुन्हा पुसून पुन्हा बुडवली. तेच.

मग माझं लक्ष बॉनेटच्या कडेकडे गेलं. काल बाबांनी गमछा तिथे टेकवला होता, आणि तिथे हाताएवढा तेलाचा डाग होता. स्वच्छ, पिवळसर, डब्यातून नुकतंच ओतल्यासारखा. काळी पट्टी पुसलेल्या फडक्याचा डाग काळा हवा ना? आणि बाबांनी पुसल्यावर पट्टी परत बुडवून बाहेर काढली होती का? डोळ्यांसमोर आणून बघितलं. नाही. एकदाही नाही.

मी धावत काकांकडे गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. काका सोफ्यावर बसून ऐकत होते.

"मृणाल, तू अजून लहान आहेस."

"अकरावीत आहे मी. आणि काका, गाडीत ठेवलेल्या पुडीतलं चिमूटभर भस्म मी पाण्यात टाकून बघितलं. साधी राख आहे, त्यात रेती पण आहे. आजी भांडी घासायची ना, तसली. इंजिनात घातलीत तर ती इंजिन घासेल."

"पुरे."

"तेल बदलून अकरा महिने झालेत. किलोमीटर बघा ना तुम्ही. अकरा हजार."

हे बोलले आणि मलाच कसंतरी झालं. कारण ते अकरा हजार कुठून आले ते मला माहीत होतं. काका रोज सकाळी वीस किलोमीटर गाडी चालवत आर. के. पुरमच्या जुन्या बाजारात जायचे, एक जुडी मेथी घ्यायला. भाजीवाला त्यांना विचारायचा, "साहब, कैसे हो?" मग वीस किलोमीटर परत.

"तिने घातलेलं तेल आहे गं ते," काका एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी मी सहा वाजताच प्लॉटवर जाऊन उभी राहिले. आईला काही सांगितलं नव्हतं. काकांची गाडी पहिली होती, निघण्यापूर्वीचा शेवटचा आशीर्वाद. बाबांनी पट्टी ओढली, गमछा फिरवला, सोनं उन्हात धरलं. गर्दीने 'आहा' केलं.

"बाबाजी," मी म्हणाले, "इसको एक बार वापस डुबोकर निकालिए ना."

बाबांनी पट्टी खाली घेतली.

"परीक्षा लेगी, बेटी?"

"नहीं. तेल चेक करना है. ऐसे ही करते हैं."

"लड़की, तेल पर शंका की छाया पड़ी तो—"

बाबा पट्टी आत खोचायला वळले, तेवढ्यात काकांनी हात पुढे केला. आठवडाभर ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी बाबांच्या हातातून पट्टी घेतली, खिशातून स्वतःचा पांढरा रुमाल काढला आणि ती पुसली. रुमाल पिवळा झाला. मग पट्टी शेवटपर्यंत बुडवली आणि ओढली.

काळी. टोकाला जेमतेम अर्धं बोट.

"देखा?" बाबा लगेच गर्दीकडे वळले. "इस लड़की की नज़र ने काला कर दिया. जहाँ शंका, वहाँ कालिख."

लोक माझ्याकडे बघू लागले. पराठेवाल्या आंटीसुद्धा. पण शाळेतल्या प्रयोगशाळेत एक गोष्ट पक्की शिकले होते. ज्याच्यामुळे बिघडलं असं वाटतं ते बाजूला काढायचं आणि प्रयोग परत करायचा.

"ठीक है," मी म्हणाले. "मैं चली जाती हूँ. आप दूसरी गाड़ी पर कीजिए. बस डुबोना दो बार."

मी चालायला लागले. शंभर पावलं मोजली, कुंपणापर्यंत गेले आणि पाठ करून उभी राहिले. समोर नुसती माती, लोखंडी सळ्या, आणि कोणीच राहत नसलेल्या इमारतीच्या काचा नसलेल्या खिडक्या. मागे काय चाललंय ते दिसत नव्हतं. वर्षभरात इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. काकू असत्या तर आत्ता शेजारी उभ्या राहिल्या असत्या, हे मनात आलं आणि डोळे भरून आले. पण पाठ केलेली होती, ते बरं झालं.

मग विजयालक्ष्मी आंटींचा आवाज आला. बँकेत कॅश मोजणाऱ्या बाईचा खणखणीत आवाज.

"अरे, ये तो मेरी भी काली निकली. लड़की तो वहाँ खड़ी है. अब किसकी नज़र लगी?"

कोणीतरी हसलं. मग सगळेच. मी वळले तेव्हा इन्कम टॅक्सचे अंकल बाबांच्या खांद्यावरून ओढून घेतलेला गमछा दोन्ही हातांनी पिळत होते आणि त्यातून ताजं, नवंकोरं इंजिन ऑइल टपकत होतं. दोन घड्यांच्या मध्ये प्लॅस्टिक शिवलेलं होतं, कफनीला डाग पडू नये म्हणून. काळं पुसून घ्यायला वेगळं टोक, सोनं लावायला वेगळं. एवढाच चमत्कार. बाबांनी स्पोर्ट्स शूज का घातले होते तेही त्या क्षणी सगळ्यांना कळलं. भलतेच वेगात गेले.

गाड्यांची ओळ पांगली. मला वाटलं होतं कोणीतरी शाबास म्हणेल. लोक खजील होते, माझ्याकडे न बघता आपापली बॉनेटं आपटत निघून गेले. दहा मिनिटांत प्लॉट रिकामा. एक थर्मास तेवढा विसरलेला.

काका अजून बॉनेटपाशी उभे होते.

"माझा रविवार घेतलास तू," ते म्हणाले. रागाने नाही. "दर आठवड्याला तो माणूस विचारायचा, रात को नींद आई? खोटा असेल. पण विचारायचा."

मी बॉनेटच्या आतल्या बाजूला बोट दाखवलं. तिथे एक चिकटपट्टी होती, काजळीने माखलेली. काकांनी रुमालाच्या कोऱ्या कोपऱ्याने ती पुसली. काकूंचं टपोरं अक्षर वर आलं.

'१४ जुलै ९७. १८,२०० किमी. पुढचं तेल पाच हजारांवर किंवा सहा महिन्यांनी, आधी येईल ते. विसरायचं नाही, दीनानाथ.'

काकांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढला.

दुपारी आम्ही दोघांनी गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने खालचा नट सोडला. पातळ, करपट वासाचं काळं पाणी भांड्यात पडलं, फारसं नव्हतंच. काका वाकून बघत होते.

"हे तिचं नाही," ते हळूच म्हणाले. "तिने ओतलं ते मधासारखं होतं. हे मी केलं."

मेकॅनिक म्हणाला, "साहब, काला तो हर तेल होता है, काम करेगा तो काला होगा. रंग मत देखो, किलोमीटर देखो, लेवल देखो. ऐसे नाशिक जाते तो ग्वालियर से पहले इंजन जाम. इस गर्मी में, हाईवे पर, अकेले."

नवं तेल पडलं, नवा फिल्टर बसला. काकांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि काकूंच्या ओळीखाली लिहिलं: '२१ जून ९८. २९,२०० किमी. विसरलो होतो.'

चौथ्या दिवशी नाशिकहून फोन आला. मागे बाळ रडत होतं. "पोचलो," काका ओरडून सांगत होते. "रोज सकाळी बघितलं. दोनदा बुडवून." मग थोडं थांबून म्हणाले, "तुला झोप लागते का नीट?"

मी "हो" म्हणाले, आणि मग खरं ते सांगितलं. आम्ही तीन मिनिटं एसटीडीच्या दराने बोललो.

माझं म्हणणं फार मोठं नाही. कोणी काही एकदाच काढून दाखवलं आणि 'बघा' म्हणालं, तर म्हणा: पुसा, परत बुडवा, आता दाखवा. खरं असेल ते दुसऱ्या बुडीतही तसंच निघेल. जो दुसऱ्यांदा बुडवू देत नाही, त्याचा गमछा पिळून बघा. आणि 'झोप लागली का' हे विचारायला भगवी कफनी लागत नाही. समोरचं दार वाजवलं तरी पुरतं. त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी विजयालक्ष्मी आंटींचं वाजवलं, विसरलेला थर्मास कोणाचा म्हणून विचारायला. त्यांचा नव्हता. तरी त्या म्हणाल्या, आत ये.