उष्टा चमचा

सिन्नोवेने नाताळची बिअर लावली ती देवावर हवाला ठेवून. डब्यात वाळवून ठेवलेलं घरचं यीस्ट ओल लागून बुरसटलं होतं. त्यातलं जे धड वाटलं ते सगळंच्या सगळं तिने पिंपात घातलं आणि पिंप घोंगड्यांत गुंडाळलं. पणजीपासून चालत आलेलं यीस्ट आता त्या एका पिंपातच जिवंत होतं. पूर्वी इथे वॉस गावात कुणाचं बिघडलं तर शेजारून विरजणासारखं मागून आणत. आता शेजारी दुकानातल्या बाटल्या आणतात आणि वर बिअरच्या गप्पा मारतात. म्हणजे हे नासलं की संपलंच.

पुढच्या खेपेसाठी यीस्ट पिंपातून काढून घ्यायची वेळ सिन्नोवेला कळत नसे. ती कळायची आईच्या जिभेला. आई ब्रीता एक्याऐंशी वर्षांची, तिला सकाळचं दुपारी आठवायचं नाही. पण जीभ अजून पक्की होती. म्हणून पहिल्या संध्याकाळी सिन्नोवेने जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या घालून उकळलेल्या पाण्यात पळी बुचकळून शुद्ध केली, पेल्यात जरा बिअर काढली आणि आईला दिली. आई म्हणाली, अजून नाही. पेल्यातली उरलेली मोरीत गेली. पिंपातून निघालेला थेंब पिंपात परत जायचा नाही, हा आईचाच कायदा. लहानपणी सिन्नोवेने तो मोडला तेव्हा हातावर पळी बसली होती.

दुसऱ्या सकाळी ती मेंढ्यांना चारा घालून आली, तर तळघराचं दार सताड उघडं. आई घोंगडं बाजूला सारून पिंपाशी उभी होती. हातात लापशीचा चमचा. तिने तो बुडवला, चाटला आणि पुन्हा बुडवला.

"आई, काय करतेस हे?"

"चव बघतेय. तुला कुठे आठवण राहते."

"किती वेळा आलीस खाली?"

"आत्ताच तर आले. पहिल्यांदाच."

पायऱ्यांवर लापशीचे ठिपके पडले होते, काही पार वाळलेले. सिन्नोवेला रडू आलं, पण रागावायचं कुणावर? तिने आईला वर नेलं आणि तळघराच्या दाराला कुलूप घातलं. अर्ध्या तासात कडी वाजायला लागली. ती गेली तेव्हा आई दारापाशी उभी होती.

"मी या घरात कोण आहे गं?" आईने विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

सिन्नोवेने कुलूप काढलं.

दुपारी तिने पुन्हा रीतसर पळी उकळत्या पाण्यात घातली, पेला भरला, आईपुढे धरला. आईने घोट घेतला आणि तिचा चेहराच बदलला. तिने तो थुंकून टाकला.

"आंबट झालीय. कुणीतरी उष्टा चमचा घातलाय यात."

सिन्नोवेने पेला तिच्या हातातून काढून घेतला.

"कुणी घातला?"

"मीच, आई."

मग आईने तिला जे फैलावर घेतलं! एवढं शिकवलं ते पाण्यात गेलं, पन्नाशी उलटली तरी अक्कल नाही, आज आजी असती तर काय म्हणाली असती. सिन्नोवे मान खाली घालून ऐकत होती. कितीतरी दिवसांनी आई आईसारखी बोलत होती.

"दुसरं यीस्ट ठेवलंयस ना?"

"ठेवलंय."

"मग ओतून टाक हे," आई म्हणाली, "आणि उद्या नवी लाव. चव बघायला मी येते."