मोटारीचा धनी

लातूर नवा जिल्हा झाला आणि बाजारातल्या जागांना भाव आला. त्यातच पाऊस दुसऱ्या वर्षीही पाठ फिरवून गेला. विहिरीच आटल्या, तर पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं कोण भरून घेणार? चंद्रप्पानं आपलं वायंडिंगचं दुकान सामानासकट नांदेडच्या व्यंकटरावाला विकलं. कोपऱ्यात शेतकऱ्यांनी दुरुस्तीला टाकलेल्या मोटारी पडून होत्या. त्यांचा विषय दोघांनीही काढला नाही.

उन्हाळ्यात औशाकडच्या सरजाबाईच्या विहिरीला खोदताना झरा लागला. ती बैलगाडी घेऊन आपली मोटार न्यायला आली.

"मी दुकान घेतलंय, मावशी," व्यंकटराव म्हणाला. "तुमची मोटार माझ्या हातात कुणी दिली न्हाई."

ती तडक चंद्रप्पाच्या घरी गेली.

"मी समदं त्याच्या हवाली केलंय," चंद्रप्पा म्हणाला. पण पायात चपला घालून निघाला.

ढिगातून मोटार निघाली. खोलली, तर आत तांब्याची एक तार नाही.

"तांबं इकलंस व्हय रं?" चंद्रप्पा कडाडला.

"दुसरी किल्ली तुमच्यापाशीच हाय, मालक. माझ्यामागं दुकानात कोण येऊन गेलं, मला काय ठावं?"

किल्ली खरंच द्यायची राहिली होती. शेजारचे दुकानदार जमले. सरजाबाई दोघांकडे सारख्याच नजरेनं बघत होती. ती नजर चंद्रप्पाला झोंबली.

"तुमची खरेदी-विक्री तुमच्यापाशी," ती म्हणाली. "मोटार माजी हाय. ती इकायचा हक्क तुमाला न्हवता, अन् ठिवायचा ह्यांना न्हाई."

चंद्रप्पानं बाकीच्या मोटारी खोलल्या. सगळ्यांत तांबं जागच्या जागी. चोर एकच कशाला रिकामी करील? त्यानं तिची मोटार पुन्हा उजेडात धरली. आतल्या खाचा घासून साफ केलेल्या, त्यांत तारेखालचा नवा कागद बसवलेला. घडी त्याच्याच हातची. जळकी तार काढून त्यानंच काम सुरू केलं होतं आणि सौद्याच्या घाईत विसरला होता.

"हे माजंच अर्धं काम हाय," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "भरून मीच देतो." किल्ली त्यानं व्यंकटरावापुढं ठेवली.

व्यंकटरावानं ती खिशात टाकली. "तार माझी घ्या. पण बाकीच्या मोटारींचे धनी बोलवा. उद्या माझ्यावर बालंट नको."

"बोलावतो."

"उद्या या," दोघंही सरजाबाईला म्हणाले. ती हलली नाही. दारातच बसून तारेचा वेढा न् वेढा बघत राहिली. मोटार घुमली, तेव्हा स्वतः हात लावून पाहिला, आणि मगच गाडीवानाला हाक मारली.